वेगळे व्हावे, वैरी होऊ नये : मित्रयादीविषयी एक पाठ

पाठासाठी वाचन : उत्पत्ति, अध्याय १३ व १४.

पाठाचा हेतू : मोबाइलवरील मित्रांची यादी कमी करताना कोणती नावे काढावीत, कोणती काढू नयेत, आणि ज्याचे नाव काढले त्याच्याविषयी आपले कोणते कर्तव्य उरते, हे समजून घेणे.



शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव पुष्कळांस ठाऊक आहे. ज्ञानदेवांच्या काळचे संत कान्होराज पाठक यांचे हे गाव. पुणे जिल्ह्याच्या ह्या बाजूस पावसाचा भरवसा थोडा; म्हणून विहीर, बोअर आणि पाण्याची पाळी ह्यांवर शेतकऱ्याचे बरेचसे सुखदुःख अवलंबून असते. गावठाण एकीकडे आणि वाड्यावस्त्या रानात विखुरलेल्या. अशा ठिकाणी रात्री गाय अडली, मोटार बंद पडली, किंवा बाळंतिणीस दवाखान्यात न्यावयाचे झाले, म्हणजे धावून येतो तो हाकेच्या अंतरावरचा मनुष्य. तो आपणांस आवडतो की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारीत नाही.

आता अशाच एखाद्या गावातील एक तरुण आपण डोळ्यांपुढे आणू. तो दिवसा रांजणगावच्या कारखान्यात कामास जातो व रात्री जेवण झाल्यावर अंथरुणावर पडून मोबाइल पाहतो. फेसबुकावर त्याचे अकराशे चाळीस मित्र आहेत. त्यांपैकी दोनशे माणसेही तो तोंडओळखीने जाणत नाही. कोणी दिवसभर भांडणे पाठवितो, कोणी अचकटविचकट चित्रे, कोणी पैसे दुप्पट करण्याची युक्ती. एके रात्री तो कंटाळून म्हणतो, ‘‘आता ही यादी छाटलीच पाहिजे.’’ विचार उत्तम आहे. परंतु त्याचे बोट पहिल्याने कोणाच्या नावावर थांबते? त्या नऊशे अनोळख्यांच्या नव्हे. ते थांबते त्याच्या चुलतभावाच्या नावावर. कारण मागल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो भाऊ दुसऱ्या पॅनेलमध्ये होता, आणि त्याने त्या दिवसांत चार शब्द झोंबणारे लिहिले होते.

हे चित्र आम्ही कल्पनेने रेखाटले आहे. तथापि ज्याच्या घरी मोबाइल आहे व ज्याला भाऊबंद आहेत, त्याला ते परके वाटणार नाही. अनोळखी नऊशे तसेच राहतात आणि बांधाला बांध असलेला भाऊ मात्र निघून जातो, असे का व्हावे? आजच्या पाठात ह्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

(१) यादी एवढी लांब कशी झाली?

फेसबुकाचा आरंभ ४ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी झाला. सप्टेंबर २००६ पासून तेरा वर्षांवरील कोणासही ते खुले करण्यात आले. आपल्या देशात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि जे शहरात होते ते वाड्यावस्त्यांवरही येऊन पोहोचले. फेसबुकावर एका मनुष्यास पाच हजारांपर्यंत मित्र करता येतात. मित्र करण्यास श्रम काहीच नाहीत. एकदा बोट टेकले की झाले.

आपली मराठी भाषा ह्या बाबतीत फार जपून बोलते. तोंडओळख, परिचय, घरोबा, सोबत, स्नेह, मैत्री, सोयरीक हे शब्द तिने वेगळे ठेविले आहेत, आणि कोणता कोठे वापरावा हे लहान मुलासही कळते. बाजारात एकदा भेटलेल्या व्यापाऱ्यास कोणी जिवलग म्हणत नाही. परंतु मोबाइलच्या पडद्यावर व्यापारी, वर्गबंधू, मेहुणा, पुढारी आणि कधी न पाहिलेला मनुष्य ह्या सर्वांस एकच नाव, मित्र. अशा रीतीने यादी वाढली, पण मित्र वाढले असे म्हणता येत नाही.

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ साली असे मांडले की, मनुष्याच्या मेंदूची शक्ती पाहता त्याला सुमारे १५० माणसांशीच खरे संबंध सांभाळता येतात. त्यातही सुमारे पाच अगदी जवळची, पंधरा जिव्हाळ्याची, पन्नास सलगीची, अशी वर्तुळे असतात. २०१६ साली त्याने ब्रिटनमधील फेसबुक वापरणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत असे दिसले की, यादीत सरासरी दीडशेहून अधिक नावे असली, तरी खऱ्या संकटात ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसे लोकांनी सुमारे चारच सांगितली. स्टॉकहोम येथील संशोधकांनी २०२१ साली ह्या १५० च्या आकड्यास हरकत घेतली, व असा एक नेमका आकडा काढता येत नाही असे दाखविले. म्हणून आम्हीही आकड्यावर भर देत नाही. परंतु यादी कितीही लांब केली, तरी मनुष्याचे हृदय व त्याचा दिवस लांब होत नाही, एवढे तरी कोणीही आपल्या अनुभवावरून मान्य करील.

(२) यादी कमी करणे कधी आवश्यक होते?

कित्येक भोळे बंधू म्हणतात, ‘‘नावे असली तर असोत, ती काय खायला मागतात?’’ त्यांनी पुढील तीन गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट, अफवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांस जमावाने मारून टाकिले. ही माणसे मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आली होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी खोटी वार्ता त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिकांकडे पुढे पाठविता येणार नाही, असा निर्बंध घातला. कंपनीने दार अरुंद केले खरे. परंतु आपल्या घराचे दार आपल्याच हाती आहे. जो मनुष्य खरेखोटे न पाहता वार्ता ढकलीत राहतो, त्याचे नाव आपल्या यादीत असणे म्हणजे त्या वार्तेला आपल्या घरातून वाट देणे होय. आणि तीच वार्ता आपण पुढे पाठविली, तर दुसऱ्याच्या यादीत तसे नाव आपलेच असते, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट, फसवणूक. भामटे लोक ओळखीच्या मनुष्याचे छायाचित्र व नाव घेऊन दुसरे खाते उघडतात, आणि ‘‘अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठव’’ असा निरोप धाडतात. ज्याच्या यादीत शेकडो अनोळखी आहेत, त्याच्या कुटुंबाची नावे, लेकरांची छायाचित्रे, गावी असण्या-नसण्याचे दिवस हे सर्व त्या भामट्यांच्या हाती आयते पडते. असा निरोप आल्यास त्या मनुष्यास स्वतः फोन लावून त्याच्या आवाजाची खात्री करावी. पैसे गेलेच, तर लाजून स्वस्थ न बसता १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

तिसरी गोष्ट, वेळ. अनोळखी मनुष्याच्या घरच्या वाढदिवसापासून परमुलखातील भांडणापर्यंत सर्व पाहून होईपर्यंत दिवा मालवण्याची वेळ होते. पलीकडच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या काकूंशी मात्र चार दिवसांत बोलणे झालेले नसते.

म्हणून यादी कमी करण्यात पाप नाही, किंबहुना कधी कधी ते कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो कोणत्या मनाने करावे, हा.

(३) अब्राम आणि लोट

आजच्या वाचनात दोन नातलग एकमेकांपासून वेगळे झाल्याची हकीकत आहे. अब्राम चुलता, लोट पुतण्या. दोघांची गुरेमेंढरे वाढली, चारा व पाणी पुरेना, आणि त्यांच्या गुराख्यांत भांडणे होऊ लागली. आमच्या शेतकरी वाचकांस ह्या भांडणाचे अधिक वर्णन करून सांगावयास नको; पाण्याच्या पाळीवरून काय काय होते ते त्यांनी पाहिले आहे.

अब्रामाने काय केले ते क्रमाने पाहा. भांडण मालकांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच त्याने ते ओळखिले. तो स्वतः लोटाकडे जाऊन बोलला. त्याने तिऱ्हाइताकरवी निरोप धाडला नाही. आपण भाऊबंद आहोत, ही आठवण त्याने आधी दिली आणि वेगळे होण्याची गोष्ट मग काढिली. शेवटी, वडील असूनही त्याने निवडीचा पहिला मान धाकट्यास दिला. लोटाने यार्देनेकडील पाणथळ, हिरवा प्रदेश घेतला. अब्रामाने त्याबद्दल एक शब्दही काढिला नाही.

येथेच हकीकत संपली असती, तर समजूतदारपणे वाटणी झाली एवढाच बोध निघाला असता. परंतु चौदावा अध्याय वाचा. पुढे युद्ध झाले, शत्रूंनी लोटास धरून नेले, आणि एका पळून आलेल्या मनुष्याने ती वार्ता अब्रामास कळविली. तेव्हा अब्राम असे म्हणाला नाही की, ‘‘त्याने आपली वाट निवडली आहे, आता त्याचा माझा संबंध नाही.’’ त्याने आपल्या घरची ३१८ माणसे घेतली, दूरवर पाठलाग केला, आणि लोटास त्याच्या माणसांसह व मालमत्तेसह सोडवून आणिले.

तंबू वेगळे झाले होते, नाते तुटले नव्हते. ह्या पाठातील मुख्य बोध तो हाच. रोजचा सहवास कमी करण्याची मोकळीक प्रत्येकास आहे. परंतु संकटात धावून जाण्याचे ऋण त्याने फिटत नाही. ज्याचे नाव आपण काढिले, त्याच्या घराला रात्री आग लागली असे कळले, तर आपण घागर घेऊन निघू काय? निघू, असे मन म्हणत असेल, तर ते नाव काढण्यात दोष नाही. बरे झाले, असे मनात आले, तर ते नाव काढू नये. आधी स्वतःच्या मनाचा विचार करावा.

(४) नाव काढणे केव्हा शिक्षा होते?

नाव काढण्याला इंग्रजीत जो नवा शब्द रूढ झाला, तो ‘अनफ्रेंड’. एका मोठ्या अमेरिकन शब्दकोशाने २००९ साली त्याला वर्षाचा शब्द ठरविले. त्याच वर्षाच्या जानेवारीत बर्गर किंग ह्या खाद्यविक्रेत्या कंपनीने अमेरिकेत एक जाहिरात काढिली : फेसबुकावरील दहा मित्र काढून टाका व एक बर्गर फुकट घ्या. थोड्याच दिवसांत दोन लाखांहून अधिक नावे काढली गेली. इतकेच नव्हे, तर ज्याचे नाव काढले त्याला तसे कळविण्याचीही सोय त्यात होती. त्यास फेसबुकाने हरकत घेतल्यावर तो प्रकार बंद पडला. एसावाने मसुरीच्या वरणासाठी आपला जन्मसिद्ध हक्क विकला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. येथे तर एका पावासाठी दहा माणसे गेली. जी वस्तू सहज मिळाली, ती सहज टाकली जाते, हे ह्यावरून दिसते. आणि टाकल्याची वार्ता त्या मनुष्यास पोहोचविली, म्हणजे टाकणे हा नुसता खेळ राहत नाही. त्याचा अपमान होतो.

आपल्या प्रांतात यादीचा अपमान काय करू शकतो, ह्याचे एक जुने उदाहरण पुण्याचे आहे. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका सभेस शहरातील अनेक नामांकित गृहस्थ गेले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हेही त्यांत होते. तेथे सर्वांपुढे चहा ठेवण्यात आला. पुढे गोपाळराव जोशी यांनी त्या सभेस गेलेल्या मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणविली. मग काय विचारता! मिशनच्या घरी चहा घेतला म्हणून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि यादीतील लोकांस धर्मकृत्यांत व सोयरिकीत अडचणी येऊ लागल्या. रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे मित्र अडचणीत राहू नयेत, हा विचार त्यांच्या मनात होता, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून कळते. सुधारक पक्षातील पुष्कळांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला. प्रायश्चित्त घेणे योग्य होते की नव्हते, ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एका पेल्याभर चहापेक्षा छापलेल्या यादीने अधिक माणसे दुखावली, एवढेच दाखवावयाचे आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजापणजांनी ह्याहून कठीण दिवस पाहिले आहेत. पाणवठा बंद, बलुतेदार बंद, बोलणे बंद. आणि सख्ख्या माणसांचे दारही बंद. घराघरांतून ह्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला व तो २०१७ साली अमलात आला. माणसास वाळीत टाकणे हा आता गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एकट्याने आपल्या मोबाइलवरून एक नाव काढणे म्हणजे वाळीत टाकणे नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. ज्याच्या त्रासाने मन व्यथित होते, त्याला दूर ठेवण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. आणि जी भगिनी कोणाच्या घाणेरड्या निरोपांनी गांजली आहे, तिने तर क्षणभरही संकोच न करिता त्या मनुष्यास ब्लॉक करावे व घरच्या जाणत्या माणसास सांगावे. परंतु दहा जणांनी ठरवून एकास सर्व ग्रुपांतून काढावयाचे, काढल्याचे चारचौघांत मिरवावयाचे, आणि मग लग्नकार्यात त्याच्याकडे पाठ फिरवावयाची, हा प्रकार जुन्या वाळीताचाच नवा अवतार आहे. ज्यांच्या वडिलांनी ते दुःख सोसले, त्यांनी तरी ते दुसऱ्यास देऊ नये.

(५) यादी कशी निवडावी?

चाळीत कांदा भरण्याच्या आधी शेतकरी तो निवडतो. सडका कांदा काढून टाकतो, कारण एक सडका दहांना सडवितो. परंतु नुसता ओला असलेला कांदा तो फेकीत नाही. पसरून सुकवितो, मग ठेवितो. यादी निवडतानाही अशा तीन राशी कराव्या.

पहिली रास, अनोळख्यांची. ज्यास आपण ओळखत नाही, ज्याच्या गावाचा वा घराचा पत्ता नाही, जो कोणाच्या तरी नावाने सोंग घेऊन आला आहे, अशांची नावे निःशंकपणे काढावी. येथे कोणाचे मन दुखत नाही. आमच्या त्या तरुणाच्या यादीतील नऊशे नावे येथेच संपतात. एका बैठकीत शेदोनशे नावे काढिली, तर आठवड्यात काम होते.

दुसरी रास, ओळखीच्या पण अपाय करणाऱ्यांची. कोणी जुगाराच्या खेळास बोलावितो, कोणी जातीजातींत द्वेष पसरवितो, कोणी खोट्या वार्ता पाठवितो. अशा मनुष्यास प्रथम एकांतात, सौम्य शब्दांत, एकदा सांगावे : ‘‘दादा, हे मला पाठवू नका, हे खरे नाही.’’ सर्वांसमक्ष लिहून त्याची फजिती करू नये. ऐकले तर भाऊ मिळाला. न ऐकले तर नाव काढावे, पण काढल्याचा डांगोरा पिटू नये. रस्त्यात भेटल्यावर रामराम तोच असावा.

तिसरी रास, रुसव्याच्या माणसांची. भाऊबंद, शेजारी, एकाच मंडळीतील माणसे, ज्यांच्याशी बांधावरून, मतावरून किंवा देण्याघेण्यावरून बिनसले आहे. हा ओला कांदा होय. ही नावे रागाच्या रात्री काढू नयेत. त्यांचे लिहिणे रोज डोळ्यांस टोचत असेल, तर त्यासही उपाय आहे. फेसबुकावर ‘अनफॉलो’ केल्यास तो मनुष्य यादीत राहतो, पण त्याचे लिहिणे आपणांपुढे येत नाही. व्हॉट्सअॅपवरील ग्रुपचा आवाज ‘म्यूट’ करून बंद ठेविता येतो. आपले काही त्यास दिसू नये असे वाटल्यास त्यास मर्यादित यादीत घालता येते. मग सर्वांसाठी खुले असलेले तेवढेच त्याच्या दृष्टीस पडते. हे केल्याने त्यास अपमान पोहोचत नाही आणि आपणांस शांती मिळते. शांती मिळाल्यावर मात्र त्याच्याकडे प्रत्यक्ष जावे. कारण अंगणात बसून जे मिटते, ते मोबाइलवर लिहून क्वचितच मिटते.

कित्येक समजतात की, नाव काढले तरी त्यास काय कळणार? फेसबुक तसा निरोप पाठवीत नाही, हे खरे. परंतु आपण त्याच्या यादीतून निघालो, हे त्याला आज ना उद्या दिसतेच, आणि खेड्यात दिसले की बोलले जाते.

उपदेशक व पाळक बंधूंस येथे दोन शब्द अधिक सांगावेसे वाटतात. आपली यादी ही केवळ आपली नसते. आपण एखाद्या कुटुंबाचे नाव काढिले, तर ते ‘फेसबुकावरून काढिले’ असे समजत नाहीत; ‘आम्हांस मंडळीतून काढिले’ असे समजतात. म्हणून ज्यांची काळजी आपणांवर सोपविली आहे, त्यांच्या बाबतीत फार जपावे. मंडळीच्या ग्रुपवर कोणी वाकडे लिहिले, तर प्रमुख म्हणून त्यास तडकाफडकी काढून टाकणे सोपे असते. परंतु त्या दिवशी सायकल किंवा मोटारसायकल काढून त्याच्या वस्तीवर जाणे हेच आपले काम होय. कोणी स्वतःच ग्रुप सोडून गेला, तर ‘तो गेला’ अशी चर्चा करू नये. २०२२ सालापासून व्हॉट्सअॅपने अशी सोय केली आहे की, सोडून जाणाऱ्याची सूचना फक्त ग्रुपच्या प्रमुखांस मिळते. कंपनीने जो संकोच राखला, तो आपणही राखावा.

(६) काढल्यानंतर काय?

यादी कमी केली आणि मोकळा झालेला वेळ दुसऱ्याच चित्रांत घातला, तर लाभ काहीच नाही. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक नियम केला. सायंकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठापर्यंत मोबाइल व टीव्ही बंद ठेवावयाचे. मुलांनी अभ्यास करावा व घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. एक अख्खे गाव हे करू शकते, तर एक घर का करू शकणार नाही? भोंगा नसला तरी घड्याळ आहे.

आता पुन्हा आमच्या त्या तरुणाकडे येऊ. त्याने आमचे ऐकले असे समजू. नऊशे नावे गेली. दोनचार जणांस एकांतात सांगून झाले. चुलतभावाचे लिहिणे त्याने तूर्त झाकून ठेविले, नाव ठेविले. रविवारी सकाळी तो वस्तीवर जातो. भाऊ कदाचित मोकळेपणाने बोलणार नाही. कदाचित वहिनी पाणी देईल आणि भाऊ बैलांना वैरण घालीत पाठमोरा उभा राहील. पहिल्या खेपेस एवढेच होईल. आम्ही असे वचन देत नाही की एका भेटीत सर्व मिटेल. चार वर्षांची अढी चार घटकांत सुटत नाही. परंतु गावात पुढे कोणी अडचणीत आला, आणि दोघांना एकाच खाटेचे दोन बाजूंचे पाय धरून दवाखान्याच्या गाडीपर्यंत धावावे लागले, तर त्या वेळी ‘तू माझे नाव काढले होतेस’ ही गोष्ट त्यांच्या मध्ये उभी राहणार नाही. एवढा लाभ काही थोडा नव्हे.

तर बंधुभगिनींनो, यादी अवश्य कमी करा. अनोळख्यांस निरोप द्या, अपाय टाळा, रात्रीची झोप व सायंकाळचा वेळ परत मिळवा. परंतु ज्याच्या विहिरीचे पाणी तुमच्या पाटाने वाहते, ज्याच्या बापाने तुमच्या बापाला खांदा दिला, त्याचे नाव बोटाने पुसण्याआधी एकवार त्याच्या दारात जाऊन या. वेगळे होण्याची पाळी आलीच, तर अब्रामासारखे व्हा, म्हणजे लोटाची वार्ता येताच निघता येईल.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. अब्राम व लोट ह्यांच्या गुराख्यांत भांडण कशावरून झाले? आपल्या गावात तसे भांडण कशावरून होते?

२. निवडीचा पहिला मान अब्रामाने धाकट्यास का दिला असावा?

३. अनोळखी, अपाय करणारा आणि रुसलेला, ह्या तिघांशी वागण्यात कोणता भेद करावा?

४. नाव काढणे आणि वाळीत टाकणे ह्यांत अंतर कोणते? ते अंतर केव्हा नाहीसे होते?

५. (ह्याचे उत्तर वर्गात मोठ्याने देऊ नये, प्रत्येकाने घरी जाऊन मनात द्यावे.) मी रागाने काढलेले एखादे नाव आहे काय? त्याच्या घराची वाट मला अजून ठाऊक आहे काय?